रात्रीच्या किल्ल्या

पावणेआठला ब्रेंडा कथबर्टने किल्ल्या दिल्या,
दिल्या म्हणजे टेबलावर ठेवल्या
आणि बोट काढायला थोडा उशीर केला.
मॉर्फिनच्या एकोणीस. मोजून घे.
मोजल्या. एकोणीस.
माझ्याकडे न बघता म्हणाली, पुन्हा मोज.

चौतीस वर्षं ग्रिम्स्बीत हिच्या बुटांच्या आवाजावर
चादरींचे कोपरे सरळ होत आलेत.
पहिल्या हिवाळ्यात हिला घाबरून
मी लिननच्या खोलीत डबा खाल्लाय,
गार पोळी, लोणच्याची फोड,
आणि दाराबाहेर टक् टक् टक्.
'साळवे'चं 'साल्व्ह' हिनेच केलं. साल्व्ह म्हणजे मलम.
मी दुरुस्त केलं नाही. तेव्हा धीर नव्हता,
पुढे सवय झाली.

गेल्या मंगळवारी ट्रेनिंगच्या खोलीत
भिंतीवर चार रंगांचे चौकोन:
तुमची नेतृत्वाची शैली कोणती?
मला पिवळा निघाला.
रोडेलिओ माग्बानुआला काहीच निघालं नाही,
तो अर्ध्यातून उठून गेला,
सात नंबरची घंटा वाजत होती म्हणून.
तो असाच. सांगत नाही कुणाला काही. तुम्ही पोचता
तोवर कमोड धुऊन झालेला असतो,
आणि तुमची तुम्हालाच लाज वाटते.
परवापासून त्याची पाठ धरलीय. तीन आठवडे रजा.
कुठल्याच चौकोनाखाली पाठीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

बारानंतर खाडीवरून धुकं आलं
आणि गोदीकडचा मासळीचा वास, खिडक्या बंद असूनही.
अकरा नंबरचे आल्फ रॅग, जन्म ट्रॉलरवर गेलेला,
कठडा धरून उठून बसले:
आज स्किपर कोण?
म्हटलं, मी.
डेकवर किती जण?
चार.
चारात भागत नाही, म्हणाले,
आणि कुशीवर वळले.

तीन वीसला जॉर्जी आली.
बावीस वर्षांची, नोकरीचा सहावा आठवडा.
इन्सुलिन चार द्यायचं होतं.
चौदा दिलं.

माझ्या घशात ब्रेंडा आली,
अख्खी, बुटांसकट.
हातांत रोडेलिओ आला: सरक, मी बघतो.
पिवळा चौकोन कुठेच आला नाही.
चूक पोटात घालावी, तर ती होती
मिसेस पिकरिंगच्या रक्तात.
पोरीला पदरात घ्यावं, तर ट्युनिकला पदर नसतो.
विचारलं, आत्ता शुगर किती?
बारा.
बारा आत्ता. डॉक्टरांना फोन तू कर.
मी इथे उभी आहे.

दर पंधरा मिनिटांनी तिने बोट टोचलं,
मी आकडा लिहिला.
नऊ पॉइंट चार. साडेसात. सहा.
पाच वाजता तीन पॉइंट आठ,
तेव्हा तिचा हात थरथरला
आणि मी तो धरला नाही, रसाचा ग्लास दिला त्यात.
मिसेस पिकरिंग चिडल्या,
ही काय संत्र्याचा रस पाजायची वेळ आहे?
ड्रिप चालू होती. पाच पॉइंट एक.
सहा पॉइंट दोन.

मग फॉर्म. तिने लिहिलं, चूक माझी,
आणि पेन ठेवलं.
म्हटलं, खाली जागा आहे. लिही,
अकरा पेशंट तुला कोणी दिले होते.
ती बघत राहिली.
लिही. स्पेलिंग सांगते. एस, ए, एल, व्ही, ई.
शेवटचा ई उच्चारायचा असतो.
साळवे. मलम नाही.

सकाळी ब्रेंडाने तो उभ्यानेच वाचला,
दोन्ही पानं. चष्मा पुसला, पुन्हा पहिल्या पानावर गेली.
जॉर्जी कुठे ते तिने विचारलं नाही.
जॉर्जी लिननच्या खोलीत होती, जिथे सगळ्याच जातात.
किल्ल्या, म्हणाली.
दिल्या. एकोणीस, म्हटलं.
तिने मोजल्या. पुन्हा मोजल्या.
मग टक् टक् करत त्या दाराशी गेली,
थांबली,
आणि वाकून बूट काढले.

आत काय बोलली ते मला ठाऊक नाही.
माझी आठ दहाची बस होती.