कर्कटक

रात्री दोनला हानुसना आणलं.
जिन्यात अंधारी आली म्हणे, एवढंच.
स्वेटरला लोकरीचा आणि डिझेलचा वास.
सुन्नवाने छातीवर तारा चिकटवल्या,
यंत्र कुरकुरलं, आणि गुलाबी चौकटींवरून
शाईची एक पायवाट निघाली.

फेरो बेटांच्या दक्षिण टोकाला, सूरॉयवर,
या महिन्यात रात्रीची डॉक्टर मी एकटीच.
बारा लीडची बाराखडी घोकली होती
वसतिगृहात, कॉफी सांडलेल्या वहीतून:
लहान चौकोन चार शतांश सेकंद,
तीनशेला मोठ्या चौकोनांनी भागायचं.
भागलं. चाळीस.
पी आहे, क्यूआरएस आहे, टी आहे,
मंडळी हजर, फक्त सावकाश.
"दर्यावर्दी हृदय," मी म्हणाले, "दणकट माणसांचं असंच चालतं."

नवं नवं वाचणारं माणूस
पहिलं अक्षर ओळखतं
आणि उरलेला शब्द मनानेच लावतं.

हानुसनी चष्मा मागितला. मग कागद.
मग खुर्चीवरच्या कोटातून काढायला लावलं
पितळी कर्कटक,
नकाशांवर चाळीस वर्षं मैल मोजून
टोकं बोथटलेलं.
"यातलं मला काही कळत नाही, पोरी.
पण हा बारका उंचवटा बघ."
एक टोक एका पीवर, दुसरं पुढच्या पीवर.
आणि कर्कटक चालू लागलं,
डावा पाय, उजवा पाय,
तिसरं पाऊल पडलं ते टीच्या उतरणीवर.
तिथे काही नव्हतं.
म्हणजे मला दिसलं नव्हतं:
उतरणीला एक हलकी खोच,
भरल्या पिशवीतून कोपर टोचावं तशी.
पुढचा पी तर क्यूआरएसने गिळलेला.
"बोट दुसऱ्या बोटीआड गेली," हानुस म्हणाले,
"म्हणून ती थांबलेली नसते."

मी कर्कटक घेतलं, उंच ठोके मोजले.
तेही सारखे. पण त्यांचं माप निराळं.
वरचे कप्पे आपल्या तालात, खालचे आपल्या,
एका घरात अबोला धरलेल्या भावांसारखे.
पूर्ण हार्ट ब्लॉक.
मी ते मोठ्याने म्हणाले
आणि लगेच वाटलं, हळू म्हणायला हवं होतं.

हेलिकॉप्टर धुक्यात अडकलं.
पेसिंगचे पॅड लावून आम्ही तिघं जागत बसलो.
सुन्नवाने सुका मासा काढला, हानुसना दिला नाही,
त्यावरून थोडं भांडण झालं.
"साडेपाचला धुकं उठेल," ते म्हणाले,
"वारा वायव्येचा झालाय."

उठलं सातला.
स्ट्रेचरवरून त्यांनी हात पुढे केला,
मला वाटलं निरोपाचा.
"कर्कटक," ते म्हणाले. "तू तुझं घे."

घेतलं. शाळेच्या कंपासपेटीतलं, स्वस्त.
एप्रनच्या खिशाला त्याने
दोन भोकं पाडली आहेत.