इतर: एक

टॅमरॅक गावात मतदार दोनशे चौऱ्याऐंशी.
त्यातले नऊ वारलेत, यादी अजून सुधारायची आहे,
आणि सुधारणार कोण, तर मीच.

अडतीस वर्षं लुथरन चर्चच्या तळघरात
लांब टेबलामागे बसते मी, इर्मा स्टेनक्रॉस.
दारापासून शंभर फूट सुतळीने मोजते,
त्या रेषेच्या आत कुणी कुणाचं नाव काढायचं नाही.
आत फक्त हवापाणी, गुडघे, हरणांची शिकार
आणि सकाळी सहालाच जळकी लागणारी कॉफी.
नाव आणि पत्ता मोठ्याने सांगा, म्हणते मी,
सख्ख्या भावालाही म्हणते.
लॉइड सांगतो. पत्ता सांगताना छताकडे बघतो.
त्याच पत्त्यावर माझा जन्म झालेला.

मत गुप्त असतं. झाकली मूठ.
पण गोल रंगवायची तऱ्हा कशी झाकणार?
कुणी कडेकडेने, शाळेतल्यासारखं जपून,
कुणी असं गिरवतं की कागद पलीकडून फुगतो.

कागदाची गिरणी होती तोवर गाव एका बाजूला होतं.
गिरणी गेली, तरी दोन-तीन खेपा तिथेच राहिलं,
दात पडल्यावर जीभ जाते तसं.
मग एका रात्री मोजताना
डावा गठ्ठा हाताला पातळ लागला.
मी पुन्हा मोजला.
गठ्ठा पातळच होता.

पुढच्या वसंतात शहरातून एक मुलगा आला,
रंगवलेला नकाशा घेऊन,
आमचा तालुका निळ्याचा लाल कसा झाला विचारत.
पेट्रोल पंपावर कर्ट वोलेनहाउप्टने सांगितलं:
पूल सहा वर्षं बंद आहे,
पलीकडच्या गोठ्यात जायला चौदा मैलांचा वळसा.
मुलाने वहीत लिहिलं: संताप.
कर्ट संतापला नव्हता.
त्याला फक्त पलीकडे जायचं होतं.

शाळेचा कर तीन मतांनी पडला.
ते तिघं कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.
माझ्या हिशेबाने ते तिघं
आजवर अकरा जण झालेत.

आणि दर खेपेला, राष्ट्राध्यक्ष असो की शेरीफ,
एका पत्रिकेवर खालच्या रिकाम्या ओळीत
मर्ल ओडेगार्ड.
बूथमध्ये पेनं आम्ही ठेवतो, काळ्या शाईची.
हे पेन्सिलीने लिहिलेलं.
मर्ल गिरणीतल्या युनियनचा सेक्रेटरी.
संपाच्या हिवाळ्यात स्वतःच्या ट्रकने
घरोघर लाकडं टाकायचा,
फोडलेल्या संपवाल्यांच्या दारातसुद्धा.
त्याला जाऊन सव्वीस वर्षं झाली.
नियमाप्रमाणे मी तक्त्यात भरते: इतर, एक.

त्याची बायको असणार, सगळे म्हणायचे.
मीही म्हणायचे.
आर्दिस मार्चमध्ये गेली.
अंत्यविधीला पास्ताची अकरा भांडी आली,
दोन्ही बाजूंच्या घरांतून, झाकणांवर नावं चिकटवून.

काल नोव्हेंबरातला मंगळवार.
रात्री पावणेदहाला, शेवटून सातवी पत्रिका.
मर्ल ओडेगार्ड.
शेवटच्या अक्षराची तीच लांब शेपटी.

मोहोरबंद पिशवी तालुक्याला न्यायची
तर दोन बाजूंची दोन माणसं लागतात.
आमच्याकडून मी. त्यांच्याकडून लॉइड.
अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर टर्की खाल्ली नाही,
पण पिशवीसोबत चौदा मैल,
बंद पुलाला वळसा घालून,
पिशवीला मधल्या सीटवर पट्टा बांधून.
काचेवर बारीक बर्फ. रेडिओ बंद.
पाकिटावर वेळ टाकायची होती.
माझं पेन गारठलं होतं.
लिहायला आहे का रे काही, म्हटलं.

त्याने शर्टाच्या खिशातून काढून दिली
पेन्सिल. आखूड, चाकूने टोक काढलेली,
टॅमरॅकमधल्या निम्म्या पुरुषांच्या खिशात असते तशी.

दहा वाजून बावन्न, लिहिलं मी.
आणि ती लगेच परत दिली नाही.