कानस

सोंड्या भुंग्याने पोखरलेले एकतीस खजूर,
सोहारच्या वाडीत, दोन दिवसांत आडवे करायचे.
"मोठं इंजिन घेऊन काय चाटायचंय?" परकार म्हणतो,
"हे लाकूड नव्हे, सुंभ आहे. साखळीला मिठी मारतो."
म्हणून विरळ दातांची साखळी,
आखूड पट्टी,
आणि हवेच्या जाळीवर ताणून बांधलेला
माझ्या जुन्या बनियनचा तुकडा, वाळूसाठी.

दर दोन झाडांमागे थांबतो.
खाचेतला भुसा खिळ्याने उकरतो.
दाताला कानशीचे तीन हात, पुढेच;
"मागे ओढलीस की कानस मेली."

शेवटचा खजूर सालिमच्या बापाने लावलेला.
सालिम जवळ येत नाही, जातही नाही.

परकारने इंजिन बंद केलं,
बसून एकेक दात पुन्हा घासला,
तेल पाहिलं, पुन्हा पाहिलं.

धार तर होतीच.