सतरा हप्ते

पत्र साध्या पाकिटात आलं.
‘प्रिय कालिंदी म. प्रधान,
आपल्या घराच्या पॉलिसीचं नूतनीकरण यंदा करता येणार नाही,
याचा खेद आहे.’
खेद छापील होता. सहीसुद्धा.

दर दोन जूनला हप्ता भरला.
यांचं हार्टचं ऑपरेशन झालं त्या वर्षी
दवाखान्याच्या कँटीनमधून फोन केला होता,
दोन दिवस उशीर चालेल का?
चालेल ना बेन, कमलेश एजंट म्हणाला, तुम्ही आमच्या जुन्या.
तेव्हा जुनं असणं
कामाला येत होतं.

सोळा वर्षं काही मागितलं नाही.
सतराव्या वर्षी श्रावणात विश्वामित्री आली,
समा रोड ओलांडून, सोसायटीचं फाटक न वाजवता.
तीन दिवस राहिली. फ्रिज आडवा करून गेली.
आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर मगर,
आमच्या जेवणाच्या टेबलाएवढी,
डोळे मिटून अशी पडलेली
जणू हप्ते तीच भरत होती.
वन खात्याची पोरं आली, तोंड बांधून घेऊन गेली,
नदीतच सोडली परत.
तिचा पत्ता कुणी रद्द केला नाही.

सर्वेअरनं चिखलाच्या रेघेला टेप लावला:
चार फूट दोन इंच.
पैसे दिले, हेही सांगायला हवं.
एक लाख बारा हजार, चाळीस दिवसांत, कुरकुर न करता.
त्यातलाच फ्रिज आत्ता मागे गुरगुरतोय.
मला वाटलं, आता खरी ओळख झाली.

जावई पुण्यात आकडेमोडीचंच काम करतो. म्हणाला,
आई, प्रत्येकाचा वाईट दिवस वेगळा असतो
तोवरच हा धंदा चालतो.
अख्ख्या सम्यात एकाच रात्री पाणी शिरलं
तर कुणाच्या हप्त्यातून कुणाला द्यायचं?
आणि ही काय तुमची भिशी आहे,
माणूस बघून चालायला?
खरं बोलत होता.
म्हणून त्याला चहा जरा उशिरा दिला.

भिशी.
बावीस वर्षं मीच चालवली. निळी वही, आखीव रकाने.
उर्वशी परीखची चिठ्ठी दुसऱ्याच महिन्यात निघाली,
मग नवऱ्याचं दुकान बसलं.
तीन महिने पैसे नाहीत. पुढे भरले तिनं,
उशिरा, पण सगळे.
तरी पुढच्या वर्षीच्या यादीत
मी तिचं नाव घातलं नाही.
नियम नव्हता तसा. भीती होती.
अकरा बायकांचे पैसे माझ्या कपाटात
आणि रात्री जागी मी एकटी.
खेद आहे, एवढंही कळवलं नाही.
दिवाळीला चकल्या तेवढ्या पाठवल्या.

मग आता कंपनीला कोणत्या तोंडानं विचारू?
याच.
माझ्याकडे अकरा बायका होत्या, तुमच्याकडे लाखो माणसं.
लाखोंत चार फूट दोन इंच मुरत नसेल
तर एवढे लाख जमवले कशासाठी?
हप्ता वाढवा. सांगा, मीटर वर चढवा,
खाली गाद्या ठेवू नका. ऐकेन.
पण सतरा वर्षं पत्ता हाच होता.
नदी आत येऊन गेल्यावर
मी तुम्हाला नदीकाठची दिसले?
नाव तर पहिल्या दिवसापासून नदीचंच आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर उर्वशीचा नंबर सापडला.
नातवानं उचलला. बा देवळात गेल्यात, म्हणाला,
तुम्ही कोण?
फॉर्मवर लिहितात तसं पूर्ण नाव सांगितलं.
काही निरोप?

भिंतीला दोन हात रंग झालाय,
तरी दुपारच्या उन्हात ती रेघ वर येते.
तिच्याकडे बघत म्हटलं, नाही.
मग म्हटलं, थांब बाळा.
आहे.