हात लावू नये

खोर खुवेरच्या खाणीवर, वजनकाट्याच्या केबिनमध्ये
एक संगणक आहे. माझ्याआधीपासून आहे.
चालू होताना घसा खाकरतो,
पडदा डाव्या अंगाला हिरवट.
काट्यावर ट्रक चढला की ब्राउझरच्या चौकटीत
वजन उमटतं, एवढंच त्याचं काम,
आणि तेही एका जुन्या प्लगइनच्या जिवावर.
ते बनवणारे केव्हाच दुकान मोडून गेले म्हणतात.

उजव्या कोपऱ्यात रोज एक कप यायचा, वाफ निघणारा:
नवीन आवृत्ती तयार आहे. आत्ता? की नंतर?
नंतर.
सहा वर्षं मी नंतर म्हणत आलो,
न दुखवता, पंगतीत पाचव्या लाडवाला
ताटावर हात आडवा धरावा तसं.

ऑगस्टातल्या एका रात्री त्यानं विचारलंच नाही.
मी थर्मासचं झाकण फिरवत होतो.
निळी पट्टी भरत गेली, आवाज न करता.
यंत्र आपणच झोपलं, आपणच उठलं,
न्हाऊन आल्यासारखं ताजंतवानं,
आणि वजनाच्या जागी करडा चौकोन.

काट्यावर मीरवैसचा ट्रक. मागे अकरा.
रात्रीचे दोन, छत्तीस अंश,
हेडलाइटांत धूळ नुसती उभी.
बाहेरच्या खांबावरचा लाल आकडा
दोन उन्हाळ्यांपूर्वीच विझलेला,
आणि वहीत अंदाज लिहायचा नाही असा नियम.
दगडाचा अंदाज मला येतो. नियमाचा येत नाही.
दुबईतल्या आयटीवाल्याचा फोन बंद.
मीरवैसनं काचेवर टिचकी मारली:
‘उस्ताद, पत्थर भी सो गया।’

मी लांज्याच्या आयटीआयत मोटार भरायला शिकलेला माणूस.
तरी शिरलो आत. एका दारातून दुसऱ्या दारात,
शेवटी सेवांची ही लांबच लांब यादी,
लग्नाच्या आहेराची असते तशी.
त्यात ते सापडलं. नावापुढे लिहिलेलं: आपोआप.
ते पुसून केलं: बंद.
नेटची वायर उपटली, काट्याची राहू दिली.

पण गेलेलं परत कुठून आणायचं?
खणात, पावत्यांच्या गठ्ठ्याखाली
तळावडेकरांचं एक पुडकं होतं. माझ्याआधी ते इथे होते,
मूत्रपिंडं गेली आणि परतले.
प्लास्टिकच्या तीन घड्यांत एक पेनड्राइव्ह,
वर चिकटपट्टी, त्यावर बॉलपेननं: लागेल.
आत जुनी आवृत्ती. दुसरं काहीही नाही.

चारला दहा कमी असताना आकडा उमटला.
बेचाळीस हजार तीनशे साठ.
मीरवैसनं एकदाच हॉर्न दिला, लांब,
आणि डोंगर घेऊन बंदराकडे गेला.

सकाळी मी पडद्याच्या कडेला कागद चिकटवला:
हात लावू नये.
इथे मराठी कोण वाचणार?
गेटवरचा टेकबहादूर एक एक अक्षर लावत म्हणाला,
हा-त, ला-वू, न-ये.
अक्षरं त्याची, अर्थ माझा.
मग दोन पावलं मागे सरून उभा राहिला.

शुक्रवारी घरी फोन लावला.
‘हॅलो’ म्हणणारा आवाज जाड, फुटलेला.
म्हटलं, कोण बोलतंय?
‘बाबा, मी.’
पलीकडे ती हसली. अहो, महिना झाला की.
मी पावसाचं विचारलं, गॅसचं विचारलं,
त्याला परत फोनवर बोलाव म्हणायचं राहून गेलं.

मोबाइलमध्ये खाली खाली जात शोधलं.
तीन वर्षांपूर्वीचं एक आहे, सोळा सेकंदांचं:
बाबा, सायकल निळी आणा, लाल नको, लाल सगळ्यांकडे आहे.

रात्रपाळीला ते पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं,
प्लगइनच्या शेजारी.
तीन घड्या घातल्या.
चिकटपट्टीवरची शाई उडत चालली होती,
तिच्यावरून पुन्हा पेन फिरवलं.