वीस अंश

गेज-रूममध्ये बाराही महिने वीस अंश.
मे महिन्यात मी स्वेटर घालून बसते,
आणि डबा खायला बाहेर आले की भोसरीचं ऊन
आत्ताच इस्त्री केलेल्या कापडासारखं
तोंडावर येऊन पडतं.

सोळा वर्षं हेच काम: मापणाऱ्या वस्तूंना मापणं.
कुठला मायक्रोमीटर सैल झालाय,
कोण दोन मायक्रॉन खोटं बोलतंय,
ते आधी माझ्या बोटांना कळतं, मग आकड्याला.

सोमवारी धुमाळसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.
आपली लाइन होसूरला चाललीय.
पगार सव्वापट, घरभाडं कंपनीचं.
शुक्रवारपर्यंत सांगा, मॅडम.
मॅडम पहिल्यांदाच म्हणाले.

होसूर.
लांडेवाडीच्या सिग्नलला गाडी बंद करून
मी ते चार वेळा मनात म्हणून पाहिलं,
नव्या दाराची कडी
उगाच लावून-काढून बघावी तसं.

रघुवीर म्हणाला, तू ठरव.
आणि टीव्हीचा आवाज कमी केला.
आमच्या संसारात त्याने आवाज
आपणहून कमी केल्याचा हा दुसरा प्रसंग.
त्याचं टायरचं दुकान आहे.
दुकानात शंभरेक चाकं,
पण दुकान हलणारं नाही.

पूर्वा वहीच्या मागच्या पानावर
तमिळचं एक अक्षर गिरवत होती, जिलबीसारखं.
म्हणाली, आई, तिथे तीन भाषा चालतात,
चौथी आपण नेऊ.
आधी गणित कर, मी खेकसले.
का खेकसले, कोण जाणे.

इंद्रायणीनगरच्या मंडईत
मेथी निवडता निवडता शेवंताबाईंना सहज विचारलं,
तुम्ही करमाळ्याहून आलात तेव्हा कसं वाटलं?
त्या म्हणाल्या, वरीसभर मी पुण्याला
'तिकडं'च म्हणायची.
इथंच बसून, बरं का. तिकडं लई गर्दी, म्हणायची.
'इकडं' कधी झालं, ध्यानात न्हाई.
आणि जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या,
त्या नेहमी टाकतात,
मी नेहमी नको म्हणते.

टेबलावर प्लग गेज पडलेलं असतं.
एका टोकाला गो, दुसऱ्याला नो-गो.
नव्या पोरांना पहिल्या दिवशी मीच शिकवते:
हे टोक सहज आत गेलं पाहिजे,
ते दारातच अडलं पाहिजे,
तर भोक बरोबर.
दोन्ही अडली तर पुन्हा मशीनवर.
दोन्ही गेली तर भंगार.
काल एका पोराने विचारलं,
मॅडम, एक टोक अडतंय, पार्ट पास कसा?
अडतंय म्हणूनच, मी म्हटलं,
आणि तिथेच थांबले. पोरगा बघत राहिला.

तिथली गेज-रूमही वीस अंशच असणार.
तेच ग्रॅनाइटचं टेबल, तोच गारठा,
आत मला कुणी नवखी म्हणणार नाही.
भीती आहे ती दाराबाहेरच्या चार पावलांची.
चहावाला कुठे उभा राहतो,
आणि साखर कमी, हे
त्याला कुठल्या शब्दात सांगायचं.

शुक्रवार. मेल उघडला.
आदरणीय सर, एवढं लिहून अर्धा तास गेला.
स्वेटर काढला. पुन्हा घातला.
मग एकच ओळ पाठवली:
तिथल्या गेज-रूमचं दार
कुठल्या दिशेला उघडतं, तेवढं कळवाल का?