दातांच्या दवाखान्यात, ग्दान्स्क

काचेवर शेवाळ. खरवडलं की आठवड्यात परत.
दिव्यांचे तास कमी केले, माशांचं खाणंही,
तरी परत.
शेवटी डॉक्टर तेओदोझियांनी
बारा समुद्री गोगलगायी मागवल्या,
थेंबथेंब खारं पाणी देत, तासाभराने
सोडल्या टाकीत.

आता इग्नात्सी, वय नऊ, गाल सुजलेला,
काचेला नाक लावून बघतो:
पोटात पाय म्हणतात ते खरंच,
आणि पायाच्या पुढे तोंड,
उघडतं, मिटतं, उघडतं.
मागे उरते वाकडीतिकडी स्वच्छ वाट.
वाटेतून दिसतो एक मासा,
मग पलीकडची खुर्ची,
खुर्चीवर कुणाचा तरी ओला कोट.

"हिला दात असतात?"
"हजारो. झिजले की मागून नवे."
तो बराच वेळ गप्प.
"मला का नाही?"

तेवढ्यात एक उताणी पडली वाळूवर,
पाय पाण्यात नुसताच वळवळला.
बाईंनी बाही दंडावर सारली,
खांद्यापर्यंत हात बुडवून
तिला पालथी केली,
हात धुतले, पुसले, म्हणाल्या, "चल."

तो गेला आत.
काचेवर राहिला त्याच्या नाकाचा ठसा,
बाहेरच्या बाजूला,
जिथे गोगलगायी पोचत नाहीत.